चिपळूण बाजारपेठेमागचं चाचांचं गॅरेज - ११ वर्षांचा अनुभव (५ पैकी ४.५ स्टार)

गाडी घेऊन गेलात की चाचा पहिला प्रश्न विचारतात तो "काय झालं" असा नसतोच, "कधी होतं" असा असतो. थंड असताना होतं की तापल्यावर, चढाला की उताराला, सकाळी पहिल्या किकला की दुपारी, एकटा असताना की मागे कोणी बसल्यावर, टाकी फुल असताना की रिझर्व्हला आल्यावर. नवीन माणसाला वाटतं काय चौकशी लावलीय, गाडी बघा ना आधी. पण माझं निम्मं काम मी तिथे नुसतं उत्तरं देताना झालेलं बघितलंय.

एक किस्सा सांगतो म्हणजे कळेल. माझी स्प्लेंडर अचानक रस्त्यात बंद पडायला लागली. २०-२५ किलोमीटर एकदम मस्त जायची, मग खाकरायची, खाकरायची आणि बंद. पाच-दहा मिनिटं बाजूला उभी केली की परत पहिल्या किकला चालू. एका सर्व्हिस सेंटरला दाखवली (नाव नको), त्यांनी प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, तरी तेच. मग म्हणाले ठिणगीचे पार्ट, कॉइल गेली असेल, सीडीआय गेला असेल, बदलून बघू. बदलून बघू म्हणजे माझ्या पैशाने बघू. मी चाचांकडे गेलो, सगळं सांगितलं, त्यांनी विचारलं "उभी केल्यावर झाकण उघडतोस का टाकीचं, पेट्रोल बघायला?" म्हणलं हो, एकदोनदा उघडलं. "तेव्हा लगेच चालू झाली ना?" मी विचार केला तर खरंच, झाकण उघडलं त्या वेळी थांबावंच लागलं नव्हतं. टाकीच्या झाकणाला हवा आत जायला बारीक वाट असते, ती चिखलाने बंद झाली होती. पेट्रोल खाली जातं पण त्याच्या जागी हवा आत येत नाही, आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरायचंच थांबतं. पाच मिनिटं उभी केली की हळूहळू कुठून तरी हवा शिरते आणि गाडी चालू. बारीक तारेने ती वाट मोकळी केली, फुंकर मारली, झालं. पैसे घेतले नाहीत, चहा मीच मागवला.

माझ्याबद्दल थोडं सांगतो म्हणजे रिव्ह्यूला वजन राहील. मी एमआर आहे, औषधं घेऊन डॉक्टरांकडे फिरतो. चिपळूण धरून गुहागर, खेड, दापोली आणि आठवड्यातून एकदा कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, पाटण. पाऊस असो नसो गाडीवरच. गाडी २०१३ ची स्प्लेंडर प्लस, मीटर एकदा ९९९९९ करून शून्यावर येऊन परत पुढे गेलंय, सगळं मिळून दीड लाखाच्या जवळ असेल. इंजिन एकदाच उघडलंय, ते पण पुरामुळे. पुराचं पुढे सांगतो.

चाचा साठीच्या पुढचे. १९८५ ला आरएक्स १०० बाईक बाजारात आली त्याच वर्षी हाताखाली पोरगा म्हणून कामाला लागले असं सांगतात, त्याआधीच्या राजदूत, येझदी दुरुस्तीला यायच्याच. मला त्यांचं सगळ्यात जास्त काय आवडतं तर कुठलाही सल्ला दिला की त्याच्या मागचं कारण देतात, आणि तो सल्ला कुठल्या गाडीचा आहे ते पण सांगतात. उदाहरण घाटाचं. आमच्याकडे जुनी माणसं अजून सांगतात की घाट उतरताना न्यूट्रल कर, इंजिन बंद कर, पेट्रोल वाचतं, इंजिन पण वाचतं. मी पण कुंभार्ली उतरताना तसंच करायचो सुरुवातीला. एकदा पोफळीला पोचेपर्यंत मागच्या ब्रेकचा जळका वास यायला लागला आणि पेडल दाबलं तर नुसतं खाली जातंय, ब्रेक लागतच नाही. गाडी नेली तर चाचा चिडलेच. म्हणाले हा सल्ला राजदूतच्या काळचा आहे. त्या टू स्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, लांब उतारावर गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर बंद केला तर पेट्रोल कमी म्हणजे ऑइल पण कमी, इंजिन मात्र जोरात फिरतंय, मग पिस्टन जॅम व्हायची भीती. म्हणून ते लोक न्यूट्रल करायचे नाहीतर मधून मधून रेस द्यायचे. तुझी फोर स्ट्रोक आहे, हिचं ऑइल खाली वेगळं आहे, ॲक्सिलरेटर बंद असला तरी फिरतंच. तू न्यूट्रल केलंस म्हणजे गिअरमुळे मिळणारा इंजिनचा ब्रेक फेकून दिलास आणि सगळा भार ब्रेकच्या त्या दोन छोट्या लायनरवर टाकलास. चढताना जो गिअर लागतो तोच उतरताना ठेव, फार तर एक वरचा. तेव्हापासून मी तेच करतो आणि ब्रेक लायनर आधीपेक्षा कितीतरी जास्त टिकतायत.

पुढच्या ब्रेकचं पण तसंच. आपल्याकडे अर्धी जनता पुढचा ब्रेक दाबतच नाही, पडू म्हणून. चाचांनी मला गॅरेजसमोर गाडी ढकलायला लावली, मी बाजूने चालतोय, म्हणाले आता नुसता मागचा दाब, मग नुसता पुढचा दाब. करून बघा कुठल्याने थांबते ते. ब्रेक मारला की सगळं वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं, ते लॉक होऊन घसरतं. फक्त गाडी सरळ असताना दाबायचा, वळणात वाकलेली असताना नाही, आणि एकदम मुठ आवळायची नाही, आधी हलकासा मग वाढवत. नवशिक्या पोरांना हे आरटीओच्या टेस्टच्या वेळी कोणी दाखवत नाही, आणि खरं तर तिथेच दाखवायला पाहिजे.

आता पूर. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये काय झालं ते बाहेरच्यांनी टीव्हीवर बघितलं असेल. आमच्या बिल्डिंगखाली ११ गाड्या होत्या, पाणी जिन्याच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत आलं म्हणजे गाड्या पूर्णच खाली. पाणी ओसरल्यावर खाली आलो तर माझी गाडी आडवी पडलेली, एकावर एक दोन स्कूटर, सगळ्यावर चिखलाचा थर, तो चिखल पण कसला तर पिठासारखा बारीक. फोन चालत नव्हते. पहिली गोष्ट माणूस काय करतो? चालू होते का बघतो. शेजारच्यांनी स्कूटर उभी करून सेल्फ मारला, आतून एकदाच ठक्क आवाज आला आणि बंद. नंतर उघडल्यावर कळलं कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकला होता. मी किक मारणारच होतो तेवढ्यात गल्लीतून एक पोरगा आला, चाचांच्या हाताखाली काम करायचा तो, घरोघरी सांगत फिरत होता, कोणी किक मारू नका, सेल्फ मारू नका, चावी पण फिरवू नका.

कारण साधं आहे. सिलेंडरमध्ये पेट्रोल-हवेच्या जागी पाणी भरलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर यायला बघतो आणि वर जागाच नाही, मग जे कमजोर असेल ते वाकतं नाहीतर तुटतं. आणि चावी फिरवली की ओल्या वायरिंगमध्ये करंट जातो, ते वेगळंच.

चाचांचं स्वतःचं गॅरेज छतापर्यंत बुडलेलं. कॉम्प्रेसर गेला, हत्यारं गाळात, ऑइलचे डबे वाहून गेले. तरी चौथ्या दिवशी रस्त्यावर पोतं टाकून काम सुरू. त्यांनी सांगितलेलं आधी फोटो काढा गाडीचे सगळ्या बाजूंनी, नंबर प्लेट दिसेल असे, इन्शुरन्सवाल्याला कळवा, मग हात लावा. मग बॅटरीची वायर काढायची. चिखल वाळायच्या आत धुवायची, कारण तो गाळ एकदा ब्रेकच्या ड्रममध्ये आणि बेअरिंगमध्ये वाळला की दगड होतो (तेव्हा प्यायला पाणी नव्हतं, धुवायला कुठून आणणार, मी पागोळ्यांचं पाणी बादलीत धरून धुतली). मग प्लग काढायचा आणि प्लग काढलेला असतानाच हळू हळू किक मारायची म्हणजे पाण्याला बाहेर यायला वाट मिळते. माझ्या गाडीतून पिचकारी उडाली अक्षरशः. इंजिनच्या खालचा नट काढल्यावर ऑइल आलं ते दूध जास्त झालेल्या चहासारखं. पाणी आणि ऑइल एकत्र घुसळलं की तसंच दिसतं, असं ऑइल कधीही दिसलं, पूर असो नसो, तर गाडी एक किलोमीटर पण चालवायची नाही. स्वस्तातलं ऑइल भरलं, दोन मिनिटं चालवली, काढलं, परत भरलं, परत काढलं, तिसऱ्यांदा चांगलं भरलं. टाकी आणि कार्बोरेटर रिकामा, एअर फिल्टर नवीन, सायलेन्सर उलटा करून पाणी काढलं, दोन्ही चाकं उघडून लायनर साफ, बेअरिंग आणि हँडलचे कोनसेट बदलले. इंजिनचं हेड पण उघडलं, आत गाळ गेलाय का बघायला. त्यांनी त्या दिवसांत ज्यांनी किक मारली नव्हती त्यांच्या गाड्या आधी घेतल्या, म्हणाले ह्या वाचणाऱ्या आहेत, जेवढा वेळ घालवू तेवढा आतून गंज चढतो, ज्यांचा रॉड गेलाय त्यांना आठ दिवस उशीर झाला तरी फरक पडत नाही. काही लोक रागावले. मला ते बरोबर वाटलं. माझ्याकडून सामानाचे पैसे घेतले, मजुरी विचारली तर म्हणाले दिवाळीला बघू. दिवाळीला मी नेऊन दिली तर मोजली पण नाही.

बरं, रोजच्या कामाचं बोलतो. तिथे सकाळी बाकड्यावर बसलात तर सर्व्हिसिंगइतकंच ऐकायला मिळतं, कारण गिऱ्हाईक सगळं रस्त्यावरचं. दाभोळ-गुहागरकडून मासे आणणारे येतात. त्यांच्या गाड्या बघण्यासारख्या असतात, इंजिन ठणठणीत आणि मागचा भाग खाल्लेला. माशांच्या पेटीतला बर्फ वितळून खारं पाणी मागच्या चाकावर, सायलेन्सरवर, शॉकअबवर ठिबकत राहतं, दोन वर्षात चाकाच्या तारा तुटायला लागतात. त्यातले एक काका पेटीखाली जाड रबराची शीट लावतात, तिला एका बाजूला उतार देऊन पाणी गाडीच्या बाहेर पडेल अशी सोय केलीय, आणि घरी गेल्यावर आधी गाडीवर गोड्या पाण्याची बादली मारतात मग स्वतःच्या अंगावर. त्यांची गाडी बाकीच्यांपेक्षा कितीतरी चांगल्या अवस्थेत आहे. चाचा मे महिन्यात सगळ्यांच्या गाड्यांना खालून जुनं इंजिन ऑइल ब्रशने मारतात, चॅसिसला, स्टँडला, मडगार्डच्या आत. पण टायरला आणि ब्रेकच्या जवळ एक थेंब जाऊ देत नाहीत. घरी करणार असाल तर ड्रमला फडकं गुंडाळून करा.

चेनचं मला तिथेच कळलं. मी चेन घट्ट ठेवायचो, ढिली चेन वाजते म्हणून. चाचांनी मला गाडीवर बसायला सांगितलं आणि खाली बोट लावून दाखवलं, माणूस बसला की मागचं चाक वर सरकतं आणि चेन ताणली जाते. रिकामी असताना घट्ट असेल तर दोन माणसं बसल्यावर तारेसारखी होणार, मग ती स्वतः पण झिजणार आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगला पण ओढणार. चाक फिरवून जिथे सगळ्यात घट्ट लागते तिथे मोजायची, मधोमध वर-खाली साधारण बोटभर हलली पाहिजे, अडीच-तीन सेंटिमीटर. स्प्लेंडरला पूर्ण चेन कव्हर आहे म्हणून लाल मातीच्या रस्त्यावर पण चेन टिकते. तरुण पोरं दिसायला बरं म्हणून कव्हर काढून टाकतात, चाचा परत बसवायला लावतात. ऑइल नव्वद नंबरचं, थोडंसं, चेनच्या आतल्या बाजूने. मोठ्या गाड्यांना ओ रिंगवाली चेन असते ती पेट्रोलने धुवायची नाही, रबर खराब होतं.

ऑइलबाबत एक मुद्दा नक्की लक्षात ठेवा. आमच्यातल्या एकाने भावाच्या कारचं उरलेलं महागडं ऑइल गाडीत टाकलं. भारी ऑइल आहे, चांगलंच असणार. आठवड्यात घाटात इंजिन ओरडतंय आणि गाडी पुढे जात नाही. बाईकचा क्लच त्याच इंजिन ऑइलमध्ये बुडलेला असतो, कारचा नसतो. कारच्या ऑइलमध्ये घसरण वाढवायला जे मिसळलेलं असतं त्याने क्लच प्लेट पण घसरायला लागतात. बाटलीच्या मागे जासो एमए असं लिहिलेलं बघून घ्यायचं, एमबी असेल तर ते स्कूटरचं. आणि लेव्हल बघताना गाडी डबल स्टँडवर, सपाट जागेवर, काडी पुसून नुसती ठेवायची, आटे फिरवून बसवायची नाही, स्प्लेंडरला तशीच बघतात. मी कितीतरी वर्षं आटे बसवून बघत होतो म्हणजे लेव्हल आहे त्यापेक्षा जास्त दिसायची.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि कोकणातली पावसाळी हवा कशी असते ते माहितीच आहे. पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट टाकीच्या तळाला बसतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, भरून ठेवा, आत हवा कमी तेवढं पाणी कमी. कार्बोरेटरच्या खाली एक छोटा स्क्रू असतो तो ढिला करून पहिलं घोटभर पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून बघा, खाली वेगळा थर दिसला तर समजा. हे मला पावसाळ्यात दरवर्षी करायला शिकवलंय, दोन मिनिटांचं काम आहे. जुन्या गाडीचा पेट्रोल पाईप पण कडक होऊन तडकतो, तो बघत राहायचा.

टायरबद्दल चाचांचं आणि बाकड्यावरच्या लोकांचं पटत नाही. बरेच जण पावसाळ्यात हवा कमी ठेवतात, ग्रिप मिळते म्हणून. चाचांचं म्हणणं कमी हवेचा टायर पसरतो, खाचांतून पाणी बाहेर फेकलं जात नाही, शिवाय खड्ड्यात रिम वाकते. मी दोन्ही करून बघितलं, मला चाचांचं पटतं, कंपनीने सांगितलेलीच हवा, सकाळी टायर थंड असताना. टायर घेताना बाजूला चार आकडे असतात ते वाचा, २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. दुकानात ४ वर्षं पडून असलेला टायर नवाकोरा दिसतो पण रबर कडक झालेलं असू शकतं आणि पहिल्याच पावसात ते कळतं.

आता अर्धा स्टार का कापला. बिल मिळत नाही, कागदावर आकडे लिहून देतात तेवढंच, ज्यांना ऑफिसला लावायचं असेल त्यांची अडचण. वेळ सांगतात तो पाळला जाईलच असं नाही, कारण मध्ये कोणी दूधवाला किंवा मासेवाला आला तर त्याची गाडी आधी घेतात, त्याचा माल खराब होतो म्हणून. मला कारण पटतं पण माझी पण डॉक्टरची अपॉइंटमेंट चुकलीय दोनदा. आणि २०२० नंतरच्या बीएस ६ (प्रदूषणाचा नवा नियम) वाल्या, कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन असलेल्या गाड्यांचं सगळंच काम तिथे होत नाही. त्यांचा पुतण्या स्कॅनर घेऊन शिकलाय, सेन्सरचे छोटे प्रॉब्लेम बघतो, चावी फिरवल्यावर टाकीतल्या पंपाचा बारीक आवाज येतो का, बॅटरी बारा व्होल्टच्या खाली गेलीय का एवढं तरी लगेच सांगतो. बऱ्याच वेळा बॅटरीच निघते. त्यापुढचं असलं तर चाचा स्पष्ट सांगतात की हे माझ्याकडे होणार नाही, सर्व्हिस सेंटरला घेऊन जा, आणि तिथे काय सांगायचं ते कागदावर लिहून देतात. माझ्या मेव्हण्याच्या गाडीला असंच लिहून दिलं होतं, बरोबर तेच निघालं.

काय करून घ्यायचं नाही हे सांगणारा मेकॅनिक मला तरी दुसरा भेटला नाही. मागच्या महिन्यात टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणारा भाग) टिकटिक आवाज येतोय म्हणून गेलो, बंद करून द्या म्हणलं. ऐकलं, फट मोजायचं गेज लावून बघितलं आणि म्हणाले बरोबर आहे, हात लावायचा नाही. आवाज जावा म्हणून घट्ट केला तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, जळतो, आणि जळताना आवाज करत नाही. मग प्लग काढून दाखवला, टोक बिस्किटाच्या रंगाचं होतं, काळं पण नाही पांढरं पण नाही. "हा रंग आहे तोवर कार्बोरेटरला पण कोणाला हात लावू देऊ नको." परत बसवताना आधी हाताने आटे धरले, शेवटी फक्त पाना. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये वाकडा प्लग पान्याने रेटला तर आटे जातात, हे पण त्यांनी मला माझ्याच हाताने बसवायला लावून शिकवलंय. त्या दिवशीचे ऑइल बदली, चेन, दोन्ही ब्रेक, क्लच केबलला ऑइल आणि तो प्लग साफ करून, सगळे मिळून ₹७४० झाले.

जायचं असेल तर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत विचारा, बोर्डावरचं नाव पुरात पुसलं गेलं ते परत रंगवलंच नाही, पण चाचांचं गॅरेज म्हणलं की कोणीही सांगेल. सकाळी ९ च्या आत पोचा. शुक्रवारी दुपारी नमाजसाठी बंद, ४ नंतर परत उघडतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात मासेवाल्यांच्या गाड्यांची रांग असते, त्यामुळे पावसाळ्याआधीचं काम १५ मेच्या आत उरकून घ्या, आणि ऑइल स्वतः घेऊन गेलात तरी चालतं, फक्त बाटली त्यांच्यासमोर फोडायची.